चारशे सात ऑइल खाते: गाडीच्या वहीतल्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी संपली, रोपांच्या ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या आणि ऑइलच्या डब्याचं बिलही पुन्हा माझ्या टेबलावर आलं. गाडी म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, चारशे सात, १९९७ चं मॉडेल. उरुळी कांचनच्या नर्सरीतून रोपं, लाल माती, शेणखत भरून पुण्यात येते, कधी खंबाटकी ओलांडून वाईपर्यंत जाते. इंजिन ४९७, बिनटर्बोचं. माप नावातच आहे: चार सिलिंडर, ९७ मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक १०० मिमी, म्हणजे २९५६ सीसी. साधं, दणकट, कुठल्याही गावातला मिस्त्री डोळे झाकून उघडेल असं.

ही गाडी आमचे ड्रायव्हर तात्या यांच्या हाताखाली वीसेक वर्षं आहे. त्यांना विचारलं, "तात्या, ऑइल किती खाते?"

"खाते थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"जुनी गाडी हाय ताई, खायचीच."

एवढ्या माहितीवर इंजिन उघडायचं की नाही हे कुणालाच ठरवता येणार नाही. त्यात मीटरचा काटा गेल्या पावसाळ्यापासून हललेला नाही. किती किलोमीटरला किती लिटर हे कळायला आधी किलोमीटर तरी कळायला हवेत. म्हणून पहिलं काम इंजिनाचं नाही, मीटरच्या केबलचं.

केबिनमध्ये आजपासून एक वही आणि पाव-पाव लिटरच्या खुणांचं मापाचं भांडं. ऑइल टाकायचं ते तात्यांनी किंवा मी. हेल्परने नाही, पेट्रोल पंपावरच्या पोराने तर नाहीच.

१२ नोव्हेंबर

नाना पेठेतून केबल आणली. जुनीचं चौकोनी टोक झिजून गोल झालं होतं, दुसरं काही नाही. सोलापूर रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिलं, मीटर किंचित कमी दाखवतो. चालेल. वहीत आजचं रीडिंग शून्य धरलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

ऑइल इंजिनातून तीन वाटांनी जातं: गळून, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) उडून आणि जळून. बोलताना आपण तिन्हीला मिळून 'खाते' म्हणून मोकळे होतो. उपाय मात्र तिन्हींचे निराळे, आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

गळती बघायला रात्री गाडीखाली खोक्यांचा पुठ्ठा अंथरला. सकाळी चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) बोल्टखाली एक ठिपका आणि मागे क्लच हाउसिंगखाली रुपयाएवढा डाग. टॅपेट कव्हरचं पॅकिंग एका कोपऱ्यात पाझरतंय, तिथे धूळ बसून काळा लगदा झालाय. हे बरं नाही, पण एवढ्याने लिटरच्या लिटर जात नाही.

ब्रीदरचा पाइप या इंजिनाला सरळ खाली रस्त्याकडे सोडलेला असतो. त्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची बाटली बांधली, आत तारेची घासणी कोंबली आणि बाटलीला वरच्या बाजूने बरीच भोकं पाडली. भोकं विसरून चालत नाही. ब्रीदर कोंडला तर आतला दाब सगळ्या ऑइल सीलना बाहेर ढकलतो आणि नसलेली गळती सुरू होते.

आता पट्टी, चेंबरमधल्या ऑइलची पातळी मोजायची. तात्या पट्टी बघायचे ती दुपारी, गाडी नुकती बंद केलेली, आणि उभी मार्केट यार्डाच्या बाहेर उतारावर. अशा वेळी बरंच ऑइल अजून वरच असतं. पट्टी कमी दाखवते, माणूस टाकतो. आज सकाळी शेडमधल्या सपाट कोब्यावर, स्टार्टर मारायच्या आधी पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर!

"थोडं जास्त असलेलं बरं," तात्यांचं म्हणणं.

ते बरं नाही. पातळी फार वर गेली की क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) ऑइलला फटकारू लागतो, लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, गरजेपेक्षा जास्त ऑइल उडतं, फेस होतो, ब्रीदरमधून वाफेबरोबर बाहेर पडतं. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांना तेवढं खरवडून खाली आणणं झेपत नाही. म्हणजे जास्त टाकलेलं आधी जळतं, ते कमी झालेलं दिसतं, म्हणून पुन्हा टाकलं जातं. बऱ्याच जुन्या गाड्यांचं अर्धं 'खाणं' या चक्रातलं असतं असं माझं मत होत चाललंय.

२० नोव्हेंबर, बुधवार. मीटर ३१०

मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर शाई लावून आलो आणि ऑइल बदलायला घेतलं. शेवटचं कधी बदललं होतं, याचा पत्ता कुणालाच नाही.

तात्यांना हे मुळातच पटत नव्हतं. "आवं ताई, रोज नवं वततोय की त्यात. जुनं ऱ्हायलंय कुठं?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. पुष्कळ जाणते ड्रायव्हर हेच म्हणतात. मी त्यांना भजीवाल्याच्या कढईचं उदाहरण दिलं. तेल कमी झालं की तो वरून नवं ओततो, कढई कधी रिकामी करत नाही, आणि तरी संध्याकाळपर्यंत तेल काळं पडतंच. इंजिनात जळतं ते ऑइल. त्यातली काजळी, जळालेल्या ॲडिटिव्हची राख, झिजलेल्या लोखंडाचं पीठ यातलं बरंचसं मागेच राहतं. डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल होतं, ते मारायला ऑइलमध्ये जो क्षार घातलेला असतो तो संपत जातो. नव्या ऑइलने थोडा भरला जातो, पण कचरा बाहेर निघत नाही. आणि फिल्टर तर वरून ओतल्याने बदलत नाहीच. तो तुंबला की बायपास झडप उघडते आणि गाळल्याशिवायच ऑइल बेअरिंगला जातं. बंद पडण्यापेक्षा घाणेरडं ऑइल बरं, असा तो हिशोब असतो.

तात्या म्हणाले, "भजी त्याची चांगली असतात पण." पुढे वाद घातला नाही.

गाडी लोणीपर्यंत फिरवून आणली, म्हणजे ऑइल गरम होऊन घाण त्यात मिसळलेली असते. चारशे सातला जॅक लागत नाही, पुठ्ठा टाकून खाली सरकता येतं. गिअरमध्ये उभी, हँडब्रेक, चाकांना पुढून-मागून दगड. चेंबरचा बोल्ट रिंग पान्याने सैल केला. फिक्स पाना लावून लावून त्याचे कोपरे आधीच्या कुणीतरी खाऊन टाकले आहेत. शेवटचे आटे हाताने, बोल्ट वर दाबून धरत फिरवले आणि झटक्यात बाजूला घेतला. धार काळी कुळकुळीत, आणि गरम असली तरी जरा जास्तच पातळ. हातमोज्यावर बोट घासून पाहिलं, ऑइलचा चिकटपणा हवा तेवढा जाणवेना. वासही नुसत्या जळक्या ऑइलचा नव्हता.

पाऊण तास निथळू दिलं. मधल्या वेळात फिल्टर काढला. जुन्या फिल्टरचं रबरी पॅकिंग बैठकीला चिकटून राहिलंय का ते बोट फिरवून बघायचंच. त्यावर नवं पॅकिंग बसलं तर सुरू केल्या केल्या सगळं ऑइल रस्त्यावर. फिल्टरचा कागद कापून, पिळून, उन्हात उलगडला. काजळी भरपूर. चुंबक फिरवला तर टोकाला केसासारखी बारीक लव आली. तांबूस किंवा चंदेरी चमक कुठे आहे का ते घड्या उलगडून उलगडून पाहिलं, नाही. तशी चमक दिसली असती तर बेअरिंगं खरवडली जात आहेत असा अर्थ निघाला असता आणि वहीतला पुढचा सगळा हिशोब बदलला असता.

डिझेलने इंजिन धुवायचं का, असं हेल्परने विचारलं. बरेच गॅरेजवाले धुतात. मी नको म्हटलं. इतक्या जुन्या इंजिनात तळाला बसलेला गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, आणि ऑइलच्या वाटांत राहिलेलं डिझेल नव्या ऑइलमध्ये जातं ते वेगळंच.

ऑइल निवडायला कालची संध्याकाळ गेली होती. डब्यावरचं सी अक्षर डिझेलचं, एस पेट्रोलचं. मोटरसायकलचं उरलेलं इकडे ओतायचं नाही. ही गाडी आली तेव्हा सीएफ-४ चालायचं, तो दर्जा १९९० चा. नंतर १९९८ मध्ये सीएच-४ आणि २००२ मध्ये सीआय-४ आला. नंतरच्या दर्जाचं ऑइल या इंजिनाला चालतं, आणि काजळी धरून ठेवायची ताकद त्यात जास्त असते. जळणारंच आहे तर स्वस्तातलं टाका, असा दुकानदाराचा सल्ला. मी १५डब्ल्यू-४० जाडीचं, सीआय-४ घेतलं. जाडी आत्ताच वाढवली नाही. आधी मोजायचं, मग बदलायचं.

आणखी एक काम आज होऊन गेलं. नवं ऑइल भरताना खालच्या खुणेला थांबले, तिथून मापाच्या भांड्याने वरच्या खुणेपर्यंत नेलं. आमच्या पट्टीवर दोन खुणांमध्ये दोन लिटर बसतं. म्हणजे आता पट्टीवरून नुसतं 'कमी आहे' न म्हणता 'अर्धा लिटर कमी आहे' म्हणता येईल. चेंबरच्या बोल्टला नवा तांब्याचा वॉशर. सुरू केल्यावर प्रेशरचा दिवा विझेपर्यंत रेस करायची नाही, हे तात्यांनीच हेल्परला दटावलं.

२१ नोव्हेंबर

काल जुन्या ऑइलचा एक थेंब गाळणकागदावर टाकून ठेवला होता. कागद अप्पा बळवंत चौकातून आणलेला, शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तो. कागद खालून कशालाही न टेकता आडवा ठेवायचा, बशीच्या काठावर. रात्रीतून थेंब पसरला. मध्ये घट्ट काळं, भोवती राखाडी कडं, आणि त्याच्याही बाहेर फिकट पिवळसर, जवळजवळ स्वच्छ असं रुंद कडं. मधलं काळं तिथेच गोळा होऊन राहिलंय म्हणजे ऑइलची काजळी पसरवून ठेवायची ताकद संपलेली. हे अपेक्षितच होतं.

बाहेरचं कडं मात्र डिझेलचं असू शकतं. ऑइलपेक्षा ते कागदात पुढे धावतं. पण एका थेंबावरून निकाल नको. नव्या ऑइलचाही थेंब घेत राहायचं.

१ डिसेंबर, रविवार. मीटर ७४०

ऑइल बदलल्यापासून ४३० किमी. पट्टी हललेली नाही. तात्या खूश. "बघा ताई, बदललं आन् खायचीच थांबली. तुमचंच बरोबर."

शाबासकी घ्यायला आवडलं असतं. पण सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर अजून येतोच आहे, आणि ब्रीदरच्या बाटलीत दोन बोटं ऑइल जमलंय. ऑइल जातंय हे डोळ्यांनी दिसतंय आणि पट्टी मात्र जागेवर. मग जेवढं जातंय तेवढं दुसरं काहीतरी आत येतंय.

दुसरं म्हणजे पाणी नाहीतर डिझेल. पाणी असतं तर ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय धरली असती, रेडिएटर कमी झाला असता. दोन्ही नाही. पट्टी काढून वास घेतला. थेंब पुन्हा कागदावर.

२ डिसेंबर

बाहेरचं फिकट कडं नव्या ऑइललाही आलं. डिझेलच.

३ डिसेंबर

मिस्त्रींकडे गाडी नेली, हडपसरच्या पुढे. त्यांना कागद दाखवला तर हसले, पण वास घेतल्यावर हसणं थांबलं. पहिला हात थेट फीड पंपावर. डिझेल पंपाच्या बाजूला बसवलेला हा छोटा पंप टाकीतून डिझेल ओढतो. आतल्या दांडीची जागा झिजली की डिझेल तिच्या कडेने पंपाच्या पोटात झिरपतं, आणि तिथून इंजिनाच्या ऑइलमध्ये. बाहेर एक थेंबही दिसत नाही. मिस्त्रींनी फीड पंप खोलून दांडी बोटांनी हलवून दाखवली. ती डुलत होती.

"ताई, ही गाडी ऑइल किती खाते ते तुम्हाला अजून माहीतच नाही," मिस्त्री म्हणाले. "जेवढं खात होती तेवढं डिझेल आत येत होतं."

धोका पैशापेक्षा मोठा आहे. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरची त्याची फिल्म तुटते. पातळी वाढत गेली तर इंजिन चेंबरमधलंच मिश्रण ओढून जाळायला लागतं, आणि मग चावी बंद करूनही थांबत नाही. पट्टी कमी होणाऱ्या गाडीपेक्षा पट्टी अजिबात न हलणारी जुनी गाडी जास्त संशयास्पद, हे मी आता कुणालाही सांगेन.

फीड पंप नवा बसवला. नोझलच्या रिटर्नच्या पाइपांची जोडणी टॅपेट कव्हरजवळ पाझरत नाही ना तेही पाहिलं. आणि पंधरा दिवसांपूर्वी भरलेलं ऑइल ओतून दिलं. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फिल्टर तोच ठेवला, तेवढी काटकसर चालते.

१५ डिसेंबर, रविवार. मीटर १,३५०

फीड पंपानंतर साधारण साडेपाचशे किमी. टाकलेलं ऑइल सव्वा लिटरच्या जरा आत. म्हणजे साडेचारशे किमीला एक लिटर. कागदावरचा थेंब स्वच्छ, बाहेरचं कडं गेलं.

तात्यांच्या मते मिस्त्रींनी गाडी बिघडवली. "आधी खात नव्हती, आता प्यायला लागली." आधीही एवढंच जात होतं, दिसत नव्हतं, हे पटवायला बाटली, कागद आणि निळा धूर तिन्ही साक्षीला उभे केले. अर्धवट पटलंय.

मोठ्या इंजिनांचे लोक ऑइलचा खप डिझेलच्या टक्क्यात मोजतात, ते मला जास्त पटतं. घाट चढताना आणि रिकामी परतताना किलोमीटर सारखेच, पण इंजिनाचे कष्ट सारखे नसतात. आमची गाडी लिटरला आठ किमी देते. साडेचारशे किमीला छप्पन लिटर डिझेल, त्यावर एक लिटर ऑइल, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या जवळ. धडधाकट इंजिनाला अर्ध्या टक्क्याच्या आत पुरतं.

२२ डिसेंबर, रविवार

आज कारण सापडलं असं वाटतं.

एअर फिल्टर काढून साफ करत होते. फिल्टर ठीक होता. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सोडवला आणि आत पांढरा कपडा गुंडाळलेलं बोट फिरवलं. कपडा लाल. आमच्याच लाल मातीचं पीठ, भाकरीच्या पिठाहूनही बारीक. पाइपाच्या खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या लगेच पुढे, वीतभर चीर. वरून दिसत नाही, पाइप वाकवला की उघडते. फिल्टरच्या पुढे चीर असेल तर फिल्टर कितीही चांगला असून काय उपयोग? इंजिन गाळल्याशिवायच हवा ओढतंय, आणि ती सुद्धा माती भरण्याच्या खड्ड्याजवळची. ती धूळ लायनर आणि रिंगांच्या मध्ये घासत जाते. किती वर्षं हे चाललंय कोण जाणे.

पाइप आणि दोन्ही क्लॅम्प नवे. झिजलेलं यातून परत येणार नाही, पुढची झीज तेवढी थांबेल.

दुपारी मिस्त्री स्वतः आले, दुसऱ्या कामासाठी पलीकडच्या मळ्यात आले होते. इंजिन गरम, न्यूट्रलला सुरू. त्यांनी ऑइल भरायचं टोपण काढून भोकावर उलटं नुसतं ठेवलं. टोपण थडथड नाचायला लागलं, मग सरकून बाजूला पडलं. भोकातून धूर धापा टाकल्यासारखा येत होता. 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते हेच. रिंगांच्या कडेने निसटलेला स्फोटाचा वायू.

मिस्त्री तिथेच थांबले नाहीत, हे मला आवडलं. या गाडीला ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे आहे, आणि तो ओढलेली हवा ऑइलबरोबर चेंबरमध्येच सोडतो. ब्रेकच्या व्हॅक्यूमचा पाइप कुठे फाटला असेल तर पंप सतत बाहेरची हवा आत ढकलत राहतो आणि ब्रीदर मारायला लागतो. बिचाऱ्या रिंगांवर आळ येतो. त्यांनी पंपाचा ओढणारा पाइप पंपाजवळ दाबून बंद केला. टोपण पुन्हा ठेवलं. तसंच नाचलं. म्हणजे रिंगाच.

झडपांच्या गाइडमधूनही ऑइल जातंच, पण पेट्रोल गाडीची ती खूण, उतारावर ॲक्सिलेटर सोडून आलं की खाली निळा लोट, इथे फारशी लागू पडत नाही. बहुतेक डिझेलला हवेच्या वाटेत पेट्रोलसारखा पडदा नसतो, त्यामुळे उतारावर ओढही तेवढी बसत नाही. दिवे घाटात मी मुद्दाम मागून स्कूटरवर येऊन पाहिलं होतं. धूर दिसला तो चढताना.

मिस्त्रींचा निकाल: हाफ इंजिन. लायनर, पिस्टन, रिंगा, हेडचं काम. फिल्टरात बेअरिंगची चमक नव्हती, ऑइल प्रेशर गरम असतानाही टिकतंय, म्हणून क्रँकला हात लावायची गरज नाही. अंदाज साठ हजारांच्या पुढे.

५ जानेवारी २०२५, रविवार. मीटर २,२००

आजपासून वरून टाकायचं ऑइल २०डब्ल्यू-५०, डिझेलच्याच दर्जाचं. १०० अंशाला ४० नंबरच्या ऑइलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स, ५० नंबरची १६.३ ते २१.९. जाड ऑइल झिजलेल्या फटीतून सावकाश निसटतं, एवढीच त्याची करामत. २०डब्ल्यूची थंडीतली परीक्षा शून्याच्या बऱ्याच खाली घेतात. पुण्याची जानेवारीतली पहाट त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे स्टार्टिंगला अडचण नाही.

पुन्हा सगळं ओतून द्यायची गरज वाटली नाही. दर साडेचारशे किमीला एक लिटर बदलतोच आहोत, हळूहळू चेंबरमधलं आपोआप जाड होत जाईल.

दुकानदाराने 'धूर बंद' करणारी बाटली पुढे केली. त्यात बहुतेक जाडी वाढवणारं पॉलिमरच असतं. जाडीच विकत घ्यायची तर ती ऑइलच्या भावात का घेऊ नये? बाटली परत. घरी येऊन रिकामा डबा कापून टाकला. अख्खे डबे भंगारात गेले की भलतंच ऑइल भरून परत दुकानात येतात.

१९ जानेवारी, रविवार

जळक्या ऑइलचे दोन कॅन शेडमध्ये उभे. बांधकामावरचा एक जण शटरिंगच्या फळ्यांना लावायला मागत होता. तात्यांना कुंपणाच्या लाकडांना वाळवीसाठी हवं होतं. दोघांनाही नाही म्हटलं. नर्सरीची विहीर पन्नास पावलांवर आहे, आणि सगळी रोपं तिच्यावर. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, ते परवानाधारक शुद्धीकरणवाल्यांकडेच जायला हवं. एप्रिल २०२४ पासून तर ऑइल विकणाऱ्या उत्पादकांवरही ते परत गोळा करण्याची जबाबदारी आली आहे. मिस्त्रींकडे अधिकृत गोळा करणारा महिन्याला येतो, त्याच्या पिंपात आमचेही दोन कॅन. फक्त त्यात पाणी किंवा रेडिएटरचं कूलंट मिसळलेलं त्याला चालत नाही, म्हणून झाकणं घट्ट.

२७ जानेवारी

एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या गडबडीत गाडीला उसंत नव्हती. मधल्या वेळात पीयूसी काढून घेतलं. या वयाच्या डिझेल गाडीला मर्यादा २.४५, त्याखाली आलो, पण फार खाली नाही. ही चाचणी धूर किती गडद ते बघते. काळा धूर डिझेलचा, निळा ऑइलचा, आणि निळा त्यात काळ्याइतका पकडला जात नाही. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे इंजिन बरं झालं असं तात्यांना वाटू द्यायचं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. मीटर ३,९८०

जाड ऑइल, पट्टी मधोमध ठेवण्याची शिस्त, टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग, या सगळ्याचं मिळून: सहाशे किमीला एक लिटर. पट्टी वरच्या खुणेवर असली की पहिला अर्धा लिटर भराभर जातो, मधल्या पट्ट्यात तेच ऑइल कितीतरी जास्त टिकतं. नुसत्या या एका सवयीने किती फरक पडला ते वेगळं काढता आलं असतं तर बरं झालं असतं, पण गाडी धंद्यावर असताना एवढी चैन परवडत नाही.

हिशोब. महिन्याला दीड हजार किमीच्या आसपास, म्हणजे अडीच लिटर ऑइल, लिटरला साडेतीनशेच्या घरात. महिन्याला नऊशे रुपयांच्या आत. निव्वळ ऑइल वाचवायचं म्हणून साठ हजारांचं काम काढायचं तर पैसे फिटायला पाच-सहा वर्षं लागतील. तेवढ्यासाठी इंजिन उघडणं शहाणपणाचं नाही, हे बाबांना आज कागदावर दाखवलं.

तरीही उघडायचं ठरलंय, पण दुसऱ्या कारणाने. बॅक कॉम्प्रेशन वाढतंय, खंबाटकीत भरल्या गाडीला दुसऱ्या गिअरशिवाय जमत नाही, आणि जूनमध्ये पाऊस लागला की चार महिने गाडी एक दिवसही उभी ठेवता येत नाही. पाडवा ३० मार्चला. त्यानंतर एप्रिलच्या उन्हात रोपांची मागणी पडते, तेव्हा गाडी मिस्त्रींकडे. लायनरचं माप घेतल्याशिवाय पिस्टन विकत आणायचे नाहीत, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.

तोपर्यंत पूर्ण ऑइल आणि फिल्टर चार हजार किमीला, टॉपिंग कितीही चालू असलं तरी. फिल्टरचा तो आकडा पुढच्या आठवड्यात येतोय. फिल्टर आणून ठेवला. तात्यांनी आज न सांगता सकाळी सपाटीवर पट्टी बघून वहीत स्वतः लिहिलं: "पाऊन लिटर कमी. वतलं नाही, अजून मदी हाय."

त्याखाली माझी नोंद: पुठ्ठ्यावर मागचा डाग मोठा झालाय. क्लच हाउसिंगजवळचं ऑइल सील एप्रिलच्या यादीत घालणे.